बाल्कनीतली माणसं खाली आणली त्याची गोष्ट

मध्यंतर होऊन दोन मिनिटंही झाली नसतील, तोवर संयोजक मला शोधत आला. हातात अर्धा खाल्लेला बटाटावडा होता, तोही त्याचा नव्हता. कुणीतरी "धरा जरा" म्हणून दिला होता आणि हा तो घेऊन लॉबीभर फिरत होता.

"दादा, शो पडला," तो म्हणाला. "मी आधीपासून म्हणत होतो, सांगलीत स्टँडअप चालत नाही. लोक हसतच नाहीत."

पहिल्या पन्नास मिनिटांत मीही फारसा हसलो नव्हतो, त्यामुळं त्याला धीर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. पण त्याचं निदान चुकलंय एवढं मला कळत होतं. लोक हसत होते. वर बाल्कनीत एक काकू तर दर तीन-चार मिनिटांनी हसत होत्या. आधी नाकातून एक बारीक घुर्रर्र, मग दम कोंडल्यासारखी शांतता, आणि मग फुटलेलं हसू. ते हसू रिकाम्या खुर्च्यांवरून एकटंच घरंगळत खाली यायचं आणि विझायचं. एकदा मान वळवून वर पाहिलं, तर काकूंनी पदर तोंडात धरला होता. हसल्याबद्दल ओशाळल्या होत्या बिचाऱ्या.

त्या मध्यंतरात आम्ही काय केलं, त्याचा काय परिणाम झाला आणि पुढं त्याचे काय भोग भोगावे लागले, ते इथं मांडतो. सांगली, सातारा, मिरज, इस्लामपूर अशा गावांत जुनी नाट्यगृहं भाड्यानं घेऊन विनोदाचे कार्यक्रम लावणारी पोरं आता बरीच झाली आहेत, त्यांच्या कामाला येईल. नाट्यगृहाचं, कलाकाराचं, संयोजकाचं नाव घेत नाही. यात खलनायक कुणी नाही, सवयी तेवढ्या आहेत. माझ्याबद्दल सांगायचं तर पोटापाण्याला विजेच्या सामानाचं दुकान आहे आणि बावीस वर्षं हौशी नाटकांना लाइट करतोय. त्या रात्री मात्र तिकीट काढून गेलो होतो, अण्णांना आणि भाचीला घेऊन. अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७८, डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि नाटकाच्या बाबतीत कुणाचंच ऐकत नाहीत.

हसणारं गाव

सांगलीकर हसत नाहीत हे विधान तसं धाडसाचंच. मराठी नाटकाची सुरुवात आपण जिथून धरतो ते हे गाव. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसं काहीतरी मराठीत उभं करायला सांगितलं, आणि १८४३ साली इथल्या राजवाड्यात 'सीता स्वयंवर'चा खेळ झाला. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो आणि दरवर्षी त्या दिवशी भाव्यांच्या नावाचं गौरवपदक सांगलीत दिलं जातं. हे सगळं इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

कमी लोकांच्या लक्षात राहतं ते त्या खेळाचं रूप. सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा आणि लगेच विदूषक नाचत, उड्या मारत यायचा. रानटी वेश, सूत्रधाराला उलटसुलट उत्तरं, नुसता धुडगूस. गणपती त्याच्यानंतर. म्हणजे देवाच्याही आधी सभा हसती करून घ्यायची पद्धत होती. पदं सूत्रधारानं गायची आणि पात्रांनी आपली भाषणं ऐन वेळी रचायची. समोरच्या माणसाला धरून, लिहून न आणलेलं बोलायचं, याला आजची पोरं 'क्राउड वर्क' म्हणतात. अण्णांना मी हा शब्द समजावून सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे विदूषकच की. नुसता जीन्समध्ये."

आणखी एक गोष्ट या प्रकरणाला लागू पडते. १८५१ मध्ये आप्पासाहेब गेले, राजाश्रय गेला आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईच्या ग्रँट रोड थिएटरात तिकीट लावून खेळ झाले. दरबारात कोण कुठं बसणार हे मानावर ठरायचं, थिएटरात ते पैशावर ठरू लागलं. पुढं महाग, मागं स्वस्त, माडीवर त्याहून स्वस्त. ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की स्टँडअपलाही आपण ती जशीच्या तशी लावतो. आमच्या रात्रीचा घोळ तिथूनच सुरू झाला.

प्लॅन

डिसेंबरातला शनिवार, रात्री साडेआठचा शो. नाट्यगृह जुनं, पण नीट राखलेलं. तळमजल्यावर १८ रांगा, रांगेत २४ खुर्च्या. वर बाल्कनीत ८ रांगा, रांगेत २२. एकूण ६०८. कलाकार पुण्याचा, चांगल्यापैकी नाव असलेला. मोबाइलवर त्याचे तुकडे माझ्या भाचीला पाठ.

दर असे होते. पहिल्या चार रांगा ७९९ रुपये, पाच ते बारा ४९९, तेरा ते अठरा ३९९ आणि बाल्कनी २९९. विक्री झाली २३१ तिकिटांची. पहिल्या चार रांगांत ३८, मधल्या आठ रांगांत ५४, मागच्या सहा रांगांत ४१ आणि बाल्कनीत ९८.

हे आकडे संयोजकानं मला नंतर दिले. पण ते न बघताही काय झालंय हे आत शिरताच दिसत होतं. ४३२ खुर्च्यांच्या तळमजल्यावर १३३ माणसं, तीही बी पेरल्यासारखी लांब लांब. तिकिटं ऑनलाइन. खुर्ची निवडताना शेजारी अनोळखी माणूस नको म्हणून जो तो एक जागा सोडून टिचकी मारतो. बायकांच्या पर्सना, हेल्मेटांना आणि जाकिटांना त्या रात्री उत्तम खुर्च्या मिळाल्या होत्या.

पुढच्या रांगा रिकाम्या का राहिल्या, हे भाचीनं मला तिकीट काढतानाच सांगितलं होतं. मी ऐटीत म्हणालो, "दुसऱ्या रांगेत घेऊ, अण्णांना ऐकू येईल." ती किंचाळलीच. "मामा, वेडा आहेस का? पुढं बसलं की तो पकडतो. तुझ्या पोटावर बोलेल. आजोबांना विचारेल लव्ह मॅरेज का म्हणून." नाटकात पहिली रांग हा मान असतो, स्टँडअपमध्ये ती धोक्याची जागा असते. म्हणजे लोकांना जिथं बसायची भीती वाटते त्याच खुर्च्यांना सगळ्यांत जास्त दर लावला होता. मग लोक दोन कारणांनी मागं आणि वर गेले, पैसे वाचतात म्हणून आणि अब्रू वाचते म्हणून. आम्ही सहाव्या रांगेवर तोडगा काढला. अण्णांना ते पसंत पडलं, कारण त्यांच्या मते पहिल्या रांगेतून नटाचे पाय दिसतात, नाटक दिसत नाही.

पहिली पन्नास मिनिटं

तिसरी घंटा झाली. सभागृह काळंकुट्ट केलं गेलं, पडदा सरकला, रिकाम्या रंगमंचावर मधोमध माईकचा स्टँड, आणि वरून दोन झगझगीत फोकस. कलाकार आला. आधी कुणी गरम करून देणारा नाही, विदूषक नाही, निवेदक नाही. आला तो थेट पहिल्या विनोदावर.

तो वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकतो. त्याचा एक तुकडा असा होता: "आईला मी शिकवून ठेवलंय, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. कुणालाही नाही. आता तिच्याच गॅसचं बुकिंग मी करतोय, ओटीपी तिच्या फोनवर. म्हटलं, आई, सांग. तर म्हणते, तू कशावरून तूच?" कागदावर बरा आहे. सभागृहात तो ठार मेला. सहाव्या रांगेतून मला शेवटचं वाक्य "तूकशारूनतूच" असं ऐकू आलं. अण्णांनी मला विचारलं, "काय म्हणाली आई?" तोपर्यंत तो पुढच्या विनोदावर पोचला होता.

मग त्यानं पुराचा विनोद केला. सांगलीत घर घेताना लोक कार्पेट एरिया विचारत नाहीत, मजला विचारतात, असं काहीसं. सभागृहात गारठा पसरला. २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांच्या भिंतीवर अजून ती रेघ असेल. अण्णा हळू आवाजात म्हणाले, "पाण्याची थट्टा आपण करायची. पाव्हण्यानं नाही."

यापुढची चूक मात्र त्याची स्वतःची. हशा येईना तेव्हा तो बोलण्याचा वेग वाढवत गेला, आणि मग प्रेक्षकांवरच आला. "सांगलीकर झोपले का? हळद खाऊन आलात का?" ज्यानं पैसे मोजलेत त्याला तू हसत नाहीस म्हणून झापलं की तो हाताची घडी घालतो. माझ्या पुढच्या रांगेतल्या दोघांनी ती अगदी एका वेळी घातली.

तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाशी त्यानं संवाद केला. मुलगा काय बोलला ते पहिल्या पाच रांगांना ऐकू आलं असेल. बाकीच्यांना नुसती कलाकाराची उत्तरं, म्हणजे फोनवर बोलणाऱ्या माणसाशेजारी बसल्यासारखं. पुढं थोडे हसले. आपण कुठल्या तरी गमतीतून वगळलो गेलोय, हे मागच्यांच्या तेवढं लक्षात आलं.

मध्यंतरातलं निदान

संयोजकाला मी काय सांगितलं ते त्या वेळी तुटक होतं. इथं जरा नीट सांगतो.

पहिली गोष्ट खुर्च्यांची. हसणं ही एकट्यानं करायची गोष्टच नव्हे. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं हसण्यावर बरीच वर्षं काम केलं. त्याचा गाजलेला निष्कर्ष असा, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट चारचौघांत हसतो. मजा म्हणजे रोजच्या बोलण्यातलं बहुतेक हसणं विनोदावर नसतंच, "बरं, येतो मग" असल्या वाक्यांवर असतं. थोडक्यात हसायला कारण लागतं त्याहून जास्त शेजारी लागतो. आमच्याकडं शेजाऱ्याच्या जागी हेल्मेट होतं.

आणि वर ज्या ९८ जणांचा खरा जमाव होता, तो कलाकारापासून सगळ्यांत लांब. बाल्कनीची मागची रांग रंगमंचापासून तीसेक मीटर तरी असेल. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. म्हणजे वाक्य वर पोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग आणि हसू खाली यायला तेवढाच. ऐकायला हे काहीच नाही. पण माणसाला विनोद कळून तोंड उघडायला लागणारा वेळ त्यात धरा, आणि घाबरून घाईत बोलणारा कलाकार धरा. बाल्कनीचा हशा खाली येईपर्यंत पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. कलाकाराला वाटायचं हसले नाहीत. बाल्कनीला वाटायचं आपल्या हसण्यात वाक्य बुडालं, आता गप्प बसावं.

दुसरी गोष्ट आवाजाची. माणूस हा उत्तम शोषक असतो. भरलेल्या सभागृहात कपडे आणि अंगं मिळून आवाज पिऊन टाकतात. रिकाम्या खुर्च्या आणि भिंती तो परत फेकतात. त्यामुळं अर्ध्याहून जास्त रिकाम्या जुन्या नाट्यगृहात वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या डोक्यावर बसतं. नाटकातल्या नटाला हे ठाऊक असतं. तो शब्द सुटा टाकतो, थांबतो. माईक तोंडाला लावून पुणेरी वेगानं बोलणाऱ्याला ते कोण सांगणार? त्यातून स्पीकर आणले होते लग्नसराईतले. बेस इतका, की 'त' आणि 'क' सगळे त्या घुमण्यात बुडाले. "तू कशावरून तूच" हा विनोद उभा आहे तोच मुळी त आणि क वर.

तिसरी गोष्ट उजेडाची. ही माझ्या धंद्यातली, म्हणून माझ्या लगेच लक्षात आली. नाटकात अंधार हवा, कारण आपण तिथं नाही असं नटानं मानायचं असतं. इथं कलाकार आपल्याशीच बोलतोय. त्याच्या डोळ्यांत दोन फोकस, समोर काळोख, त्यातून दिसतात फक्त पहिल्या दोन रांगा. तिथं वीसेक माणसं, बहुतेक दाराच्या बाजूला. त्याला खरोखरच वाटत होतं की आपण वीस लोकांपुढं बोलतोय.

"मग काय करू?" संयोजकानं विचारलं.

"वरची खाली आण."

डोअरकीपर मामांचा कायदा

तीन अडचणी आल्या. पहिली म्हणजे बाल्कनीच्या जिन्यापाशी उभे असलेले डोअरकीपर मामा. तीस वर्षांहून जास्त नोकरी. ते म्हणाले, "बाल्कनीचा माणूस खाली येत नाही. हा इथला कायदा हाय." कुणी केला म्हणून विचारलं तर म्हणाले, "मी." व्यवस्थापकांकडून होकार आणेपर्यंत चार मिनिटं गेली. मामांनी साखळी काढली, पण तोंड फिरवून.

दुसरी अडचण ज्यांनी जास्त पैसे दिले त्यांची. संयोजक इथंच अडला, आणि बरोबर अडला. पहिल्या चार रांगांना हात लावायचा नाही असं ठरलं. तिथल्या ३८ जणांना फक्त मध्याकडं सरकायची विनंती करायची. वरचे आणि मागचे लोक पाच ते बारा या रांगांत भरायचे. १९२ खुर्च्या, ५४ आधीच बसलेले. हिशोब जवळजवळ बसत होता. पण त्या ५४ जणांनी ४९९ दिले होते आणि त्यांच्या शेजारी २९९ वाले येऊन बसणार होते.

तिसरी अडचण स्वतः कलाकार. रंगपटात तो मोबाइलकडं बघत बसला होता. त्याला मी तीनच गोष्टी सांगितल्या. प्रेक्षक जे बोलेल ते आधी माईकवर परत म्हणा, मग उत्तर द्या. शेवटचा शब्द टाकलात की मनात दोन आकडे मोजा. आणि पुराला हात लावू नका. त्यानं मान हलवली. तिसरी गोष्ट पाळली गेली नाही, त्याबद्दल पुढं.

दरम्यान साउंडवाल्या पोराला बेस जवळजवळ बंद करायला आणि आवाजच थोडा कमी करायला लावला. तो म्हणाला, "दादा, मजा नाही येणार." मी म्हटलं, ऐकू तर येईल. हाऊस लाइटला, म्हणजे सभागृहातल्या दिव्यांना, उजेड कमीजास्त करणारा डिमर नव्हता, पण भिंतीवरच्या दिव्यांची ओळ वेगळ्या स्विचवर होती. तेवढी चालू ठेवली. चेहरे दिसावेत, पण पंगतीला बसल्यासारखं वाटू नये, इतपत.

घोषणा संयोजकानंच केली. वडा अजून हातातच होता. "बाल्कनीतल्या मंडळींनी खाली यावं. वर थंडी आहे आणि खाली आम्हाला एकटं वाटतंय." त्या संध्याकाळचा पहिला खणखणीत हशा त्याला मिळाला. जिन्यावर झुंबड उडाली. "सरका की थोडं." "ही पर्स कुणाची?" "या या, बसा, पाय सांभाळा." पाच मिनिटं सभागृह लग्नाच्या हॉलसारखं वाजत होतं. अण्णांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसलं? पदरवाल्या काकू. सोबत त्यांची सून. काकूंनी अण्णांना विचारलं, "खाली बसलं तर जास्तीचे पैसे मागतील का हो?" अण्णा म्हणाले, "मागितले तर परत वर जाऊ. दोघंही."

बाल्कनीतले दहा-बारा जण आलेच नाहीत. एक जोडपं होतं, त्यांना एकांत हवा होता. काही पोरं होती, त्यांना शेवटची एसटी गाठायला मधेच उठायचं होतं. बाकी सगळे खाली. पाच ते बारा रांगा जवळजवळ भरल्या.

दुसरा भाग

पहिला विनोद पडला आणि काकूंच्या नाकातून घुर्रर्र आलं. या वेळी त्यांच्या डावीउजवीकडं माणसं होती. सून खुदकन हसली, मग पुढच्या रांगेतले ते घडीवाले दोघं विनोदाला नव्हे तर काकूंना हसले, आणि त्यांना हसताना बघून कलाकार हसला. त्याला ते दिसलं, कारण आता उजेड होता. पदर तोंडाकडं गेलाच नाही.

चौथ्या-पाचव्या मिनिटाला त्यानं आठव्या रांगेतल्या एका काकांना धरलं. मी मनात म्हटलं, बघू आता. संवाद साधारण असा झाला, आणि काकांचं प्रत्येक उत्तर त्यानं आधी माईकवर परत म्हटलं.

"काका, कुठं राहता?"

"सांगलीत राहायचो."

"राहायचो? घर मोठं होतं?"

"२००५ पर्यंत तळमजल्यावर होतो."

"मग?"

"मग २०१९ पर्यंत पहिल्या मजल्यावर."

इथं सभागृहात कुजबुज सुरू झाली. लोकांना वास लागला होता.

"आणि आता?"

"आता मिरजेत."

जो हशा झाला तो मी गेल्या कित्येक वर्षांत त्या नाट्यगृहात ऐकलेला नाही, आणि मी तिथं पुष्कळ फार्स केलेत. खुर्च्या वाजत होत्या. काका स्वतः गंभीर. कलाकारानं त्या क्षणी जे केलं त्याबद्दल त्याला पूर्ण गुण: काहीच केलं नाही. स्वतःचा विनोद वर चढवला नाही. माईक खाली घेतला, काकांना नमस्कार केला आणि टाळ्या संपेपर्यंत उभा राहिला. अण्णांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "बघ. आपल्यातल्यानं केली."

नंतर त्यानं ओटीपीचा तुकडा परत आणला. काकांना म्हणाला, "पत्ता बदललात, मग बँकेला कळवलंत का?" काका म्हणाले, "मुलगा करतो ते." "मुलगा म्हणजे तोच कशावरून?" पन्नास मिनिटांपूर्वी मेलेला विनोद उठून बसला. यावेळी प्रत्येक अक्षर सहाव्या रांगेला सुटं ऐकू आलं. अण्णांच्या डाव्या कानालासुद्धा.

नेमकं कशानं झालं

इथं जरा जपून बोललं पाहिजे. मध्यंतरात आम्ही एकदम चार-पाच गोष्टी बदलल्या: बसायच्या जागा, बेस, उजेड, कलाकाराचं बोलणं. त्यातून लोकांच्या पोटात वडा गेला होता. यातल्या कुठल्या एकीचा गुण आला हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. साउंडवाला पोरगा अजूनही म्हणतो की दुसऱ्या भागाचं लिखाणच भारी होतं.

मला जागांचं पारडं जड वाटतं, आणि त्याला आधार काकूंचा आहे. पहिल्या भागातही त्या हसतच होत्या. त्यांना विनोद कळत होता, ऐकूही येत होता. आवाज, उजेड, लिखाण यांपैकी कशानंही त्यांचं अडलं नव्हतं, तरी पदर तोंडात गेला. शेजार बदलल्यावर तो गेला नाही.

ओटीपीचं श्रेय मात्र मी आवाजाला देईन. आणि एक गोष्ट आम्ही ठरवून केलीच नव्हती, तिचा वाटा मोठा होता असं मला आता वाटतं: ती पाच मिनिटांची झुंबड. अनोळखी माणसं एकमेकांशी बोलली, सरकली, एकमेकांच्या पायांवर पडली. विदूषकाचं काम त्या गर्दीनं केलं. घरी येताना रिक्षात मी हे अण्णांना सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणून म्हणतो, गणपतीच्या आधी तो पाहिजे."

बिल

शो सुटल्यावर लॉबीत एक गृहस्थ संयोजकाची वाट बघत उभे होते. बायको आणि दोन मुलं सोबत. सातव्या रांगेतली चार तिकिटं, दर ४९९. आवाज चढवला नाही, शांतपणे म्हणाले, "कार्यक्रम छान झाला. पण माझ्या शेजारी बसलेल्यांनी २९९ दिलेत. माझे चार दुणे आठशे रुपये परत द्या." मुद्दा बिनतोड होता. संयोजकानं खिशातून ८०० काढून दिले आणि रात्रभर हिशोब करत बसला, की सगळे ५४ जण आले असते तर १०,८०० गेले असते. एकूण गल्लाच एक लाख तीन हजारांच्या आत. पण दुसरं कुणी आलं नाही.

खरी किंमत पुढच्या शोला मोजावी लागली. दुसरा कलाकार, तेच नाट्यगृह, तेच दर. मी संयोजकाला दर बदल म्हणून सांगितलं होतं. तो म्हणाला, यावेळी फुल्ल होणार आहे, बघाच. बाल्कनी पटापट गेली, तळमजला ओस. सांगली लहान गाव आहे. वरचं तिकीट काढायचं, मध्यंतरात खाली सोडतात, ही बातमी गणपती पेठेपासून विश्रामबागेपर्यंत पोचली होती. शो सुरू व्हायच्या आधी संयोजकानं वर पाहिलं, तर पहिल्या रांगेत तेच गृहस्थ, बायको आणि दोन मुलं. त्यांनी आपुलकीनं हात हलवला आणि कठड्यावरून वाकून विचारलं, "खाली कधी सोडताय?"

त्यानंतर दर बदलले. पहिल्या तीन रांगा सोडल्या तर तळमजल्याला आता एकच दर, आणि विक्री चौथ्या रांगेपासून मागं, मधल्या खुर्च्या आधी. पहिल्या तीन रांगा शेवटी विकायला काढतात, तेही थोड्या कमी दरानं, धोका पत्करणाऱ्या कॉलेजच्या पोरांसाठी. त्या आता काढल्या काढल्या संपतात. बाल्कनीला कुलूप. किल्ली डोअरकीपर मामांकडं असते. तळमजला भरला असं संयोजकानं सांगितलं तरी ते ती लगेच खिशातून काढत नाहीत; आधी स्वतः दारातून आत डोकावून रिकाम्या खुर्च्या मोजतात.